सूपचे पाणी आजाऱ्याला, तुकडे बाकीच्यांना?



थंडी सुरू झाली की वस्तीत रात्रभर खोकल्याचे आवाज येतात. दिवसा तापलेला पत्रा रात्री गार पडतो. वारा येतो म्हणून दार-खिडकी लावून घेतली की चुलीचा आणि डासांच्या कॉइलचा धूर आतच कोंडतो. मुलांची नाके वाहतात, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आखडतात आणि शेजारपाजारून एकच सल्ला येतो, "चिकनचं सूप पाजा, ताकद येईल."

हा सल्ला आम्हीही पुष्कळ दिला आहे. वॉर्डात ड्यूटीवर असताना डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक विचारायचे, "सिस्टर, खायला काय द्यायचं?" आम्ही फाइल भरता भरता म्हणायचो, "सूप द्या, अंडी द्या, फळं द्या." पुढचा पेशंट वाट पाहत असायचा. सूप कसले, किती, त्यात काय घालायचे, हे सांगायला आम्ही थांबलो नाही.

वस्तीत काम सुरू केल्यावर ते सूप आम्ही डोळ्यांनी पाहिले. एका घरात टीबीचे औषध चालू असलेली एक ताई होती. दोन महिने झाले तरी वजन वाढत नव्हते. गोळी एकही चुकवलेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, आठवड्यातून दोनदा सूप देतो तिला. काही कमी करत नाही." त्या खोटे बोलत नव्हत्या. त्या दिवशी चिकन शिजतच होते, म्हणून आम्ही बसून राहिलो. शिजलेल्या चिकनचे पाणी गाळले, मिरपूड घातली आणि स्टीलच्या ग्लासात ताईला दिले. मग त्याच चिकनला कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून कालवण केले. नवरा, दीर, मुले जेवली. शेवटी ताईच्या ताटात रस्सा आला आणि मानेचे एक हाड. सासूबाईंच्या ताटात तेही नव्हते.

यात कुणाच्या मनात वाईट नव्हते. सगळ्यांना खरेच वाटत होते की चिकनमधली ताकद पाण्यात उतरली आणि ती आजारी माणसाला मिळाली. उरला तो चोथा, तो बाकीच्यांनी खाल्ला. प्रत्यक्षात उलटे झाले होते. ताकद तुकड्यांत होती आणि जिला तिची सर्वांत जास्त गरज होती, तिच्या वाट्याला पाणी आले होते. म्हणून या वेळी आपल्या घरात परवडेल, एका कुकरमध्ये होईल आणि सगळ्यांना पुरेल असे सूप सांगत आहोत.

पाण्यात काय उतरते, तुकड्यात काय राहते

चिकन उकळले की पाण्यात चव, मीठ, थोडी चरबी आणि हाडांतले चिकट द्रव्य उतरते. प्रथिने मात्र बहुतेक मांसातच राहतात. जखम भरायला, झिजलेले अंग भरून यायला, रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार व्हायला शरीराला प्रथिने लागतात.

आता हिशोब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम आणि 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याहून जास्त लागतात. बिनहाडाच्या 100 ग्रॅम कच्च्या चिकनमधून सुमारे 20 ग्रॅम प्रथिने मिळतात, एका अंड्यातून 6 ग्रॅम, तर 30 ग्रॅम म्हणजे मूठभर कोरड्या मूगडाळीतून सुमारे 7 ग्रॅम. गाळलेल्या पाण्यातून फारच थोडी मिळतात.

मग गरम पाण्याचा उपयोग नाही का? आहे. अमेरिकेतल्या मायामी बीच इथे डॉक्टरांनी 1978 साली तपासले, तेव्हा गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड थंड पाण्यापेक्षा लवकर सुटतो असे दिसले. तापात घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ सूपमधून भरून निघते. घसा शेकला जातो. तोंडाची चव गेलेला माणूस चार घोट घेतो. एवढे सूप करते. ते सर्दी बरी करत नाही, टीबी बरा करत नाही आणि गोळ्यांची जागा घेत नाही.

बाजारातून काय आणायचे

पाच माणसांसाठी अर्धा किलो चिकन पुरते. दुकानदाराला कातडी काढून, मोठे तुकडे करायला सांगा. बारीक तुकड्यांत हाडांचे कण राहतात आणि ते मुलांच्या घशात अडकतात. हाडांसकट अर्धा किलो घेतले की त्यात सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅम मांस असते.

पैसे कमी असतील तर पाव किलो चिकन घ्या आणि दोन अंडी घ्या. नुसती मान आणि पाठीची हाडे घेऊ नका. ती स्वस्त दिसतात, पण त्यांवर मांस थोडे असते. कलेजी स्वस्त मिळते आणि तिच्यात लोह मांसापेक्षा कितीतरी जास्त असते. महिन्यातून एक-दोनदा सूपमध्ये थोडी कलेजी घालायला हरकत नाही. मात्र कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदर बाईने ती वरचेवर खाऊ नये.

भाज्या थंडीत स्वस्त असतात. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी गेलात तर आणखी स्वस्त मिळतील. गाजर, दुधी, वाटाणा, कोबी, टोमॅटो यांतले जे मिळेल ते घ्या. शिवाय एक पालेभाजी घ्याच: पालक, मेथी, मुळ्याचा पाला, चाकवत किंवा शेवग्याची पाने. शेवग्याचे झाड वस्तीत कुठे ना कुठे असतेच. त्याची कोवळी पाने फुकट मिळतात आणि गुणाला कुठल्याही महागड्या भाजीपेक्षा कमी नाहीत. फ्लॉवरचे कोवळे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या टाकू नका, सूपमध्ये शिजवा.

बीट घातले तर चालेल, पण बीटाचा लाल रंग म्हणजे रक्त नव्हे. बीटात लोह थोडेच असते. बीट खातो म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. तसे करू नका.

पाकिटातल्या सूपच्या भुकटीत मुख्यतः कॉर्नफ्लोअर, मीठ आणि साखर असते. भाज्यांचे चार वाळके तुकडे असतात. ते ताकदीचे म्हणून आजारी माणसाला देऊ नका.

चिकन हाताळताना

कच्च्या चिकनवर जंतू असतात. ते शिजवल्यावर मरतात, धुतल्याने जात नाहीत. नळाखाली किंवा मोरीत धुतले की शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर, हंड्यावर, कापलेल्या भाजीवर उडतात आणि जुलाब तिथून सुरू होतात. खरे तर धुवायची गरज नाही. पण धुतल्याशिवाय मन मानत नसेल, तर पातेल्यात थोडे पाणी घेऊन हलक्या हाताने एकदा धुवा, पाणी सावकाश ओता आणि मोरी साबणाने धुऊन घ्या. भाजी आधी चिरा, चिकन नंतर. एकच विळी किंवा सुरी असेल तर हा क्रम पाळलाच पाहिजे. शेवटी हात साबणाने धुवा.

बर्ड फ्लूची बातमी आली की वस्तीत चिकन बंद होते. आतपर्यंत नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो विषाणू टिकत नाही. मेलेली किंवा आजारी कोंबडी मात्र कापू नका, कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

कृती (पाच माणसांसाठी)

लागणारे जिन्नस: चिकन अर्धा किलो, मूगडाळ 80 ग्रॅम (साधारण अर्धी वाटी), दोन गाजरे, पाव किलो दुधी किंवा कोबी, एक टोमॅटो, मूठभर वाटाणे, चिरलेली पालेभाजी दोन वाट्या, एक मोठा कांदा, लसणाच्या 8-10 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, जिरे, अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा हळद, दोन चमचे तेल, एक चमचा मीठ, एक लिंबू, कोथिंबीर. सगळे चमचे चहाचे.

1. डाळ धुऊन अर्धा तास भिजत घाला. गॅस वाचतो.

2. पाच लिटरच्या कुकरमध्ये तेल तापवून जिरे, ठेचलेला लसूण आणि आले घाला. कांदा परता. खोबरे, गरम मसाला, लाल तिखट नको. आजारी पोटाला आणि लहान मुलांना ते सोसत नाही.

3. हळद आणि चिकन घालून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परता. वरचा रंग पांढरट झाला की टोमॅटो, गाजर, दुधी, वाटाणे आणि डाळ घाला.

4. दीड लिटर पाणी आणि मीठ घाला. डाळ फेसाळते, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. तीन शिट्ट्या घ्या, मग आच मंद करून पाच मिनिटे ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी वर उचलून वाफ काढण्याच्या नादात हात भाजलेल्या बायका आम्ही ड्रेसिंगला पाहिल्या आहेत.

5. झाकण काढल्यावर चिकनचे तुकडे ताटात काढा. कोमट झाले की हाडांवरचे मांस बोटांनी सोडवा. एकही बारीक हाड राहू देऊ नका.

6. कुकरमधली डाळ आणि भाज्या रवीने घोटा. पाणी गाळून टाकायचे नाही, सूप दाटच हवे. पाळीच्या डाळीइतके दाट झाले की पुरे.

7. सोडवलेले मांस आणि पालेभाजी घालून चार मिनिटे उकळा. गॅस बंद करून मग मिरपूड, कोथिंबीर आणि लिंबू घाला. लिंबातले क जीवनसत्त्व उकळले की बरेचसे जाते, म्हणून ते शेवटी. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जाते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.

या सूपमध्ये एकूण 85 ते 90 ग्रॅम प्रथिने आहेत. पाच सारख्या वाट्या केल्या तर प्रत्येकाला सुमारे 17 ग्रॅम मिळतात. बाईच्या दिवसाच्या गरजेचा हा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा भाग झाला. सोबत भाकरी कुस्करली किंवा भात घेतला की एका वेळचे पूर्ण जेवण होते.

आधी वाट्या मांडा

कृतीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटणी. आपल्याकडे वाढणारी बाई शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. पातेल्यात बहुधा रस्सा उरतो. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायका आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातली 69 मुले रक्तक्षयी आहेत. हे आकडे 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आहेत. याला गरिबी कारण आहे, जंत आहेत, पाळीचे आणि बाळंतपणाचे रक्त जाणे आहे. पण घरात आलेले अन्न कुणाच्या ताटात पडते, हेही एक कारण आहे आणि ते आपल्या हातात आहे.

म्हणून एक साधी रीत लावून घ्या. जेवायला बसण्याआधी घरात जितकी माणसे तितक्या वाट्या ओळीने मांडा. आधी मांस सगळ्यांत सारखे घाला, मग वरून सूप ओता. स्वयंपाक करणाऱ्या बाईची वाटी त्याच वेळी भरून बाजूला झाकून ठेवा. "मला नको, मुलांना होऊ दे," असे ती म्हणेल. तिचे ऐकू नका. आजारी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई घरात असेल तर तिच्या वाटीत एक डाव जास्त घाला. समतेच्या गोष्टी आपण सभेत बोलतो. ती घरातल्या वाट्यांतही दिसली पाहिजे.

कुणाला कसे द्यावे

*बाळाला:* पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, सूपही नाही आणि वरचे पाणीही नाही. सहा महिन्यांनंतर मीठ-मिरपूड घालण्याआधी बाळाचा वाटा वेगळा शिजवून, मांस अगदी मऊ कुस्करून दाट द्या. नुसत्या पातळ पाण्याने बाळाचे छोटे पोट भरते आणि पोषण मिळत नाही.

*दात नसलेल्या आजी-आजोबांना:* मांस बारीक तोडून डाळीबरोबर घोटून द्या. "चावत नाही म्हणून नुसतं पाणी" असे करू नका.

*रक्तदाब असलेल्यांना:* मीठ अर्धे करा, लिंबू वाढवा. सोबत पापड-लोणचे नको.

*मधुमेह असलेल्यांना:* हे सूप चांगले. भात कमी, भाकरी आणि भाजी जास्त.

*किडनीचा आजार असलेल्यांना:* प्रथिने आणि मीठ किती घ्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

*टीबीच्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना:* झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या कुटुंबांना दर महिन्याला जास्तीचे तांदूळ आणि डाळी देऊन एक अभ्यास झाला. तो 2023 साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सगळ्यांना हे धान्य मिळाले, त्या घरांत टीबीची नवी लागण सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे रुग्णाबरोबर घरच्यांनीही नीट जेवणे हाही टीबी रोखण्याचा एक उपाय आहे. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे येतात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम महिन्याला 1000 रुपये आहे. खात्यात आले नसतील तर आशाताईला किंवा टीबी केंद्रात विचारा. तो आपला हक्क आहे. ते पैसे रुग्णाच्या ताटासाठीच खर्च करा.

मांसाहार नसेल तेव्हा

काही घरांत मांसाहार नसतो, काही घरांत पौर्णिमेला टाळतात. त्यांनी मूगडाळ दुप्पट घ्यावी आणि भिजवलेल्या सोयाबीन वड्या एक वाटी घालाव्यात. बाकी कृती तीच. अंडी चालत असतील तर शेवटी उकळत्या सूपमध्ये दोन अंडी फेटून सोडा आणि पूर्ण शिजू द्या.

उरले तर

बहुतेक घरांत फ्रिज नाही. म्हणून एका जेवणापुरतेच करा. उरलेच तर दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच बाहेर ठेवू नका. उशिरा येणाऱ्या माणसाची वाटी देताना पुन्हा खळखळून उकळा, नुसते कोमट करू नका. रात्रीचे सूप सकाळी मुलाच्या डब्यात देऊ नका. थंडी आहे म्हणून खराब होत नाही, ही समजूत चुकीची आहे.

सूपवर थांबू नका

पुढील गोष्टी दिसल्या तर सूप करत बसू नका, दवाखाना गाठा.

लहान मूल भराभर श्वास घेत असेल तर त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळे दिसत असतील तर रात्र असो की पहाट, 108 ला फोन करा.

मोठ्या माणसाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. छातीत दुखणे, धाप लागणे, तीन दिवस न उतरणारा ताप, हेही घरी काढायचे आजार नाहीत.

त्या ताईच्या घरी आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. सासूबाईंना हिशोब समजावला होता, तो त्यांच्या लक्षात राहिला होता. ओट्यावर सहा वाट्या मांडल्या होत्या. मोजल्या तर घरात माणसे सात. "सातवी कुणाची राहिली?" आम्ही विचारले. सासूबाई हसल्या, "माझी. मला काय, मी म्हातारी." ताईने उठून फळीवरची सातवी वाटी काढली आणि ओळीत ठेवली.

पुढच्या महिन्यात ताईचे वजन दीड किलो वाढले. ते गोळ्यांमुळे की जेवणामुळे, हे वेगळे काढून सांगता येणार नाही. दोन्ही लागतात. या रविवारी तुमच्या घरी चिकन शिजेल तेव्हा चूल पेटवण्याआधी एवढेच करा: घरातली माणसे मोजा, वाट्या मोजा.